खेळण्यांची ओढ आणि जन्माआधीचे आठवडे

गर्भ सात-आठ आठवड्यांचा झाला की मुलाच्या गर्भातल्या वृषणग्रंथी टेस्टोस्टेरॉन तयार करू लागतात. त्याचे प्रमाण चढत जाते, साधारण चौदाव्या ते अठराव्या आठवड्यात सर्वांत जास्त असते आणि चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा खाली येते. मुलीच्या गर्भातही हे संप्रेरक असते, पण पुष्कळ कमी. जननेंद्रियांची घडण याच काळात ठरते, याबद्दल आता कोणी भांडत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेड जोस्त यांनी १९४०च्या दशकात सशांच्या गर्भांवर शस्त्रक्रिया करून ते दाखवले होते. वृषणे काढून टाकली की नर गर्भाच्या पोटातही मादीचे अवयव वाढत. भांडण आहे ते त्याच्या पुढच्या पायरीवर. जे रसायन अवयव घडवते ते मेंदूही घडवते का, आणि घडवत असेल तर त्याची खूण तीन-चार वर्षांच्या पोराच्या वागण्यात, त्याच्या खेळात उमटते का? माझे म्हणणे असे, की खूण उमटते आणि ती खरी आहे. मात्र ज्या जागी ती उमटते ती जागा लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच अरुंद आहे. मुख्यतः ती मुलाच्या आवडीत आढळते. आणि ही आवड घरातल्या-शेजारातल्या शिकवणीला वळसा घालून तयार होत नाही. त्या शिकवणीतले काय उचलायचे आणि काय सोडायचे, यातून ती आकार घेते.

या विचाराची सुरुवात झाली गिनिपिगपासून. १९५९ मध्ये कॅन्सस विद्यापीठातल्या चार्ल्स फिनिक्स, रॉबर्ट गॉय, अर्नॉल्ड जेरॉल आणि विल्यम यंग यांनी गाभण गिनिपिगना टेस्टोस्टेरॉन टोचले आणि जन्मलेल्या माद्या मोठ्या झाल्यावर त्यांचे वागणे तपासले. मादीची संप्रेरके देऊनही या माद्या समागमाला मादीसारखा प्रतिसाद फारसा देत नव्हत्या, आणि नरासारखे वागणे त्यांच्यात वाढले होते. त्यावरून या चौघांनी संप्रेरकांच्या दोन कामांमध्ये फरक केला. एक काम तात्पुरते असते: पातळी चढली की वागणे दिसते, उतरली की मावळते. दुसरे कायमचे: विकासाच्या एका ठरावीक काळात मज्जासंस्थेची मांडणीच थोडी वेगळी होते आणि संप्रेरक ओसरल्यावरही ती तशीच राहते. गिनिपिगचा समागम आणि माणसाच्या लेकराचे खेळणे यांत अर्थातच मोठे अंतर आहे. ते अंतर थोडे कमी केले ते गॉय यांच्या पुढच्या कामाने. ते ऱ्हीसस माकडांकडे वळले. या माकडांची लहान नर पिल्ले एकमेकांचा पाठलाग करण्यात, झोंबाझोंबीत आणि लुटुपुटुच्या कुस्तीत मादी पिल्लांपेक्षा खूप जास्त रमतात. गरोदरपणात टेस्टोस्टेरॉन दिलेल्या माकडिणींच्या मादी पिल्लांमध्येही ही दंगामस्ती वाढलेली आढळली. बालपणातल्या वागण्यावर जन्माआधीच्या संप्रेरकाचा ठसा राहू शकतो, याचा हा पहिला ठोस दाखला होता.

माणसावर असा प्रयोग करता येत नाही आणि करू नये. पण एक जन्मजात आजार आहे, ज्यात निसर्गच जवळपास तशी परिस्थिती निर्माण करतो. त्याचे नाव कंजनायटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेझिया. डॉक्टर त्याला सीएएच म्हणतात. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी एरवी कॉर्टिसॉल तयार करतात. त्या साखळीतले एक विकर, बहुतेक रुग्णांमध्ये २१-हायड्रॉक्सिलेज, जनुकातल्या दोषामुळे काम करत नाही. कॉर्टिसॉल कमी पडते म्हणून मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी अ‍ॅड्रिनलला आणखी काम करायला लावते. कच्चा माल साचत जातो, आणि कॉर्टिसॉलची वाट बंद असल्यामुळे तो अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या कुळातल्या संप्रेरकांकडे वळतो. गर्भ मुलीचा असेल तर गुणसूत्रे मुलीची, गर्भाशय आणि बीजकोश मुलीचे, पण वाढीच्या त्या नाजूक आठवड्यांत रक्तातले अँड्रोजेन मुलींच्या मानाने खूप जास्त, अशी स्थिती होते. जन्मतः बाह्य जननेंद्रिय कमीअधिक मुलासारखे दिसू शकते. निदान झाले की हायड्रोकॉर्टिसोन सुरू होते आणि अँड्रोजेनचा पूर ओसरतो. वाढवले जाते ते बहुधा मुलगी म्हणूनच. म्हणजे जन्माआधीचे संप्रेरक एका दिशेचे आणि जन्मानंतरचे संगोपन दुसऱ्या दिशेचे. संशोधकांना हवी असलेली फारकत इथे आपोआप मिळते.

शेरी बेरेनबॉम आणि मेलिसा हाइन्स यांनी १९९२ मध्ये केलेला अभ्यास या क्षेत्रात आजही पायाभूत मानला जातो. तीन ते आठ वर्षांची, हा आजार असलेली मुले आणि तुलनेसाठी त्यांच्याच कुटुंबांतली निरोगी मुले, अशी त्यांनी निवड केली. खोलीत खेळणी मांडून ठेवलेली: हेलिकॉप्टर, मोटारी, अग्निशमन बंब, ठोकळे, बाहुल्या, स्वयंपाकाची भांडी, खेळण्यातला टेलिफोन, कागद-खडू, शिवाय कुणालाही चालतील अशी पुस्तके, पटावरचे खेळ आणि तुकडे जुळवायचे चित्रकोडे. मुलाला आत सोडायचे, हवे त्याच्याशी खेळू द्यायचे आणि कोणत्या खेळण्याला किती वेळ दिला ते चित्रफितीवरून मोजायचे. सीएएच असलेल्या मुलींनी गाड्या आणि ठोकळ्यांना आपल्या निरोगी बहिणी-चुलतबहिणींपेक्षा बराच जास्त वेळ दिला, बाहुल्या-भांड्यांना कमी. त्यानंतर वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या संशोधकांनी हीच तपासणी केली आणि निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. मानसशास्त्रातले कितीतरी गाजलेले निष्कर्ष पुन्हा तपासल्यावर विरून गेले, हे लक्षात घेतले तर या सातत्याचे मोल कळते. माकडांवरून केलेला अंदाज मात्र सगळाच्या सगळा लागू पडला नाही. हाइन्स आणि फ्रान्सिन कॉफमन यांनी १९९४ मध्ये दंगामस्तीचा खेळ तपासला, तेव्हा या मुलींमध्ये तो वाढलेला दिसला नाही. खेळण्यांची आणि सवंगड्यांची निवड बदलली होती. ढकलाढकली वाढली नव्हती.

यावर पहिला आक्षेप अगदी रास्त आहे. जन्मतः ज्या मुलीचे जननेंद्रिय मुलासारखे दिसले, तिच्या आईवडिलांच्या मनात शंका राहणारच. ते तिला नकळत मुलासारखे वाढवत असतील आणि मोटारींची ओढ तिथून आली असेल. या आक्षेपाला तीन बाजूंनी उत्तर मिळते. विकी पास्तेर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आईवडील खेळताना प्रत्यक्ष काय करतात ते पाहिले. सीएएच असलेल्या लेकीने बाहुली उचलली की तिचे कौतुक निरोगी लेकीपेक्षा जास्त होत होते. म्हणजे पालकांचा जोर उलट दिशेने होता आणि तरीही मुलगी गाड्यांकडेच जात होती. दुसरे उत्तर स्वीडनमधल्या अ‍ॅना नॉर्डनस्ट्रॉम यांच्या २००२ मधल्या अभ्यासाचे. जनुकातला दोष जितका तीव्र, तितका मुलग्यांच्या खेळण्यांकडे कल जास्त, आणि आईवडील खोलीत असले-नसले तरी त्यात फरक पडत नव्हता. तिसरे उत्तर मला सर्वांत वजनदार वाटते, आणि ते पुन्हा गॉय यांच्या माकडांकडून येते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही माकडिणींना टेस्टोस्टेरॉन गर्भावस्थेच्या उत्तरार्धात दिले होते. त्यांच्या मादी पिल्लांचे जननेंद्रिय नेहमीसारखेच राहिले, पण दंगामस्ती वाढली. त्यांच्याकडे पाहून काही वेगळे आहे असे कोणत्याही माकडिणीला कळणे शक्य नव्हते. उरला आजारपणाचा प्रश्न: औषधे, दवाखाना, सततची काळजी यांमुळे खेळ बदलला असेल का? तसे असते तर सीएएच असलेल्या मुलग्यांचाही खेळ बदलायला हवा होता. तो इतर मुलग्यांसारखाच आढळतो.

एवढ्यावरून सगळ्या मुलांबद्दल बोलता येईल का? सीएएच हे टोकाचे उदाहरण आहे. अतिवृष्टीच्या वर्षावरून दरवर्षीच्या पावसाचा हिशेब मांडता येत नाही. निरोगी मुलींमध्ये जन्माआधी टेस्टोस्टेरॉन थोडे कमी-जास्त असते, त्या छोट्या फरकाचाही खेळावर परिणाम होतो का, हे वेगळे शोधावे लागते, आणि इथे पुरावा पातळ होत जातो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे १४,००० गरोदर स्त्रियांना घेऊन एक मोठा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. त्यातल्या माहितीवरून हाइन्स यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवले की गरोदरपणी आईच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्त असेल तर साडेतीन वर्षांच्या मुलीचा खेळ थोडा मुलग्यांच्या अंगाने जातो. मुलग्यांमध्ये असा संबंध दिसला नाही. पण आईच्या रक्तातले सगळे गर्भापर्यंत पोहोचत नाही, कारण वारेतली विकरे अँड्रोजेनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात. म्हणून गर्भजलाकडे लक्ष गेले. काही वैद्यकीय कारणाने पंधराव्या ते विसाव्या आठवड्यांच्या दरम्यान ज्यांचे गर्भजल तपासले गेले, त्यांच्या नमुन्यांतले टेस्टोस्टेरॉन मोजायचे आणि पुढे मुलांचा खेळ पाहायचा. केंब्रिजमधल्या सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाला २००५ मध्ये यात काहीच संबंध आढळला नाही. त्याच गटाला २००९ मध्ये, जास्त मुले आणि चोवीस प्रश्नांची चांगली प्रश्नावली घेतल्यावर, मुलगे आणि मुली दोघांतही संबंध आढळला. नेदरलँड्समध्ये तेरा महिन्यांच्या बाळांवर केलेल्या पाहणीत टेस्टोस्टेरॉनचा संबंध पुन्हा दिसला नाही.

हे निकाल एकमेकांविरुद्ध दिसतात, तरी त्यात मला मोठा विरोध वाटत नाही. टेस्टोस्टेरॉनची पातळी दिवसाच्या वेळेनुसार आणि आठवड्यांनुसार बदलते. एकदाच काढलेला गर्भजलाचा नमुना म्हणजे त्या सगळ्या काळातला एक क्षण. मोजमाप इतके ओबडधोबड असेल तर लहान परिणाम कधी सापडणार, कधी निसटणार. शिवाय संप्रेरकाचे काम जन्मापाशी संपत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मुलग्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन पुन्हा एकदा चढते, आणि फिनलंडमधल्या २०१२ च्या एका अभ्यासात या काळातल्या पातळीचा चौदा महिन्यांच्या बाळांच्या खेळण्यांच्या निवडीशी संबंध दिसला. सीएएच असलेल्या मुलींमध्ये संबंध पक्का, निरोगी मुलांमध्ये शक्य पण कमकुवत, असा निवाडा आज देता येतो. तर्जनी आणि अनामिका यांच्या लांबीच्या गुणोत्तरावरून जन्माआधीचे टेस्टोस्टेरॉन ओळखण्याची जी टूम निघाली आहे, तिच्यावर मी भिस्त ठेवणार नाही. स्त्री-पुरुषांत त्या गुणोत्तराचा सरासरी फरक आहे, पण एका माणसाच्या बोटांवरून त्याच्या गर्भावस्थेबद्दल काही सांगणे म्हणजे अंदाजपंचे दाहोदर्से.

आता खरा अवघड प्रश्न. मोटार आणि अग्निशमन बंब या वस्तू शंभर-दीडशे वर्षांच्या आहेत. मेंदूची जडणघडण त्याहून कितीतरी जुनी. मोटारीची आवड गर्भात कोरली जाईल हे शक्यच नाही. मग संप्रेरक खेळण्यापर्यंत पोहोचते कसे? एक शक्यता अशी की हलणाऱ्या, ढकलता येणाऱ्या, आपल्या कृतीने काहीतरी घडवणाऱ्या वस्तूंकडे मन ओढले जाते आणि आजच्या घरात अशी वस्तू म्हणजे गाडी. ऱ्हीसस माकडांतले नरसुद्धा चाकांची खेळणी पसंत करतात, असे २००८ मध्ये अ‍ॅटलांटाजवळच्या यर्कीज केंद्रात दिसले, त्याच्याशी हे जुळते. पण दुसरी एक शक्यता मला जास्त उद्बोधक वाटते. हाइन्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मुलांपुढे अशा वस्तू ठेवल्या, ज्या मुळात ना मुलींच्या ना मुलग्यांच्या. काहींबद्दल सांगितले, ‘ही मुलींची आहे’. काही वस्तू बायका निवडताना आणि काही पुरुष निवडताना दाखवल्या. निरोगी मुली सांगितलेल्या आणि दाखवलेल्या वाटेने गेल्या, मुलींची म्हटलेली वस्तू त्यांनी जवळ केली. सीएएच असलेल्या मुलींवर त्या सांगण्याचा प्रभाव कमी पडला. सांगितलेले त्यांना समजले नव्हते असे नाही. त्यांनी ते आपल्यासाठी म्हणून घेतले नाही.

हे नीट पाहिले तर ‘निसर्ग की संगोपन’ हा वाद ज्या पद्धतीने मांडला जातो, ती पद्धतच मोडते. एक वर्षाची लेकरे बाहुली आणि गाडी यांत फरक करतात, पण रंगात करत नाहीत. वासंती जाडवा आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये बारा ते चोवीस महिन्यांच्या बाळांची नजर कुठे रेंगाळते ते मोजले, तेव्हा मुली बाहुलीकडे आणि मुलगे गाडीकडे जास्त पाहत होते. गुलाबी आणि निळ्याच्या बाबतीत मात्र दोघे सारखेच. गुलाबी मुलींचा हे नंतर, आजूबाजूचे ऐकून-पाहून शिकले जाते. मूल दोन-अडीच वर्षांचे झाले की ‘मी मुलगी’, ‘मी मुलगा’ हे त्याला कळू लागते आणि मग आपल्यासारख्यांचे काय असते याचा शोध ते स्वतःच घेऊ लागते. जन्माआधीचे संप्रेरक या शोधातल्या उत्साहाला थोडे कमी-जास्त करत असेल, तर घरच्यांची शिकवण आणि गर्भातले रसायन हे दोन प्रतिस्पर्धी उरत नाहीत. एकाचा परिणाम दुसऱ्यावाचून होतच नाही. भातुकलीत रमणारी मुलगी आईचे पाहून शिकते हेही खरे, आणि सगळ्याच मुली आईचे सारख्याच आवडीने पाहत नाहीत हेही खरे.

याच ठिकाणी संशोधनाचा पाय घसरलाही आहे. खेळण्यांवरून सुरू झालेले विधान हळूहळू सगळ्या मनावर पसरवले गेले. स्वमग्नता म्हणजे गर्भातल्या जादा टेस्टोस्टेरॉनने घडलेला ‘टोकाचा पुरुषी मेंदू’, हा बॅरन-कोहेन यांचा सिद्धांत बराच गाजला. पण सीएएच असलेली मुले आणि गर्भजलाचे नमुने, असे दोन्ही प्रकारचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या २०१६ मधल्या अभ्यासात स्वमग्नतेच्या लक्षणांशी असा संबंध निघाला नाही. ज्या मुलींमध्ये जन्माआधीचे अँड्रोजेन सर्वांत जास्त, त्यांच्यातच ही लक्षणे वाढलेली नसतील तर सिद्धांताचा आधार डळमळतो. स्वतःची ओळखही अशीच: सीएएच असलेल्या बहुसंख्य मुली स्वतःला मुलगीच मानतात, मोठेपणी बाईच मानतात. खेळाची आवड पुष्कळ बदलते आणि ओळख फारशी बदलत नाही, यावरून संप्रेरक मन एकगठ्ठा ‘पुरुषी’ किंवा ‘बायकी’ करत नाही एवढे कळते. वेगवेगळ्या गुणांवर त्याचा वेगवेगळा, कुठे ठळक तर कुठे शून्य, परिणाम होतो. म्हणूनच ‘मुलींना यंत्रे आवडतच नाहीत, विज्ञानाने सिद्ध झाले आहे’ असे कोणी म्हणाले तर त्याने हा पुरावा वाचलेला नाही. सरासरीतला फरक एका मुलीबद्दल काही ठरवत नाही, आणि आवडीचा पुरावा अकलेचा पुरावा होत नाही.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की गर्भसंस्कारांची आठवण होणे साहजिक आहे. आईने काय वाचले, काय ऐकले, मनात काय आणले यावर बाळाचा स्वभाव ठरतो, अशी समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. वर सांगितलेली संप्रेरके गर्भाच्या स्वतःच्या ग्रंथींतून येतात. आईच्या इच्छेचा किंवा चुकीचा त्यात वाटा नाही, आणि हे गरोदर बाईला स्पष्ट सांगायला हवे, कारण दोष नेहमी तिच्याच माथी येतो. कॉर्टिसॉलची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते आईच्या रक्तात भरपूर असते, आणि वारेतले एक विकर त्यातले बरेचसे निष्क्रिय करून गर्भाला राखते. ज्येष्ठमधातला ग्लिसरायझिन हा घटक त्या विकराला अडवतो. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाची गोळ्या-चॉकलेटे भरपूर खाल्ली जातात. कात्री रायकोनेन यांच्या गटाने २००९ मध्ये आठ वर्षांच्या मुलांची पाहणी केली, तेव्हा गरोदरपणी ज्येष्ठमध खूप खाल्लेल्या आयांच्या मुलांमध्ये आक्रमक वागणे आणि लक्ष न लागणे जास्त दिसले, भाषेच्या चाचणीतले गुणही कमी होते. ही केवळ पाहणी आहे, प्रयोग नव्हे; पण आपल्याकडे खोकल्याच्या काढ्यात हीच वनस्पती असते, तेव्हा गरोदरपणी ती रोज आणि भरपूर घेऊ नये एवढी काळजी यावरून घेता येते.

वारेतल्या त्या विकराला चुकवून जाणारे एक औषध आहे, डेक्सामेथासोन. १९८४ पासून ते सीएएचचा धोका असलेल्या गर्भांसाठी वापरले गेले: आईने घ्यायचे, म्हणजे गर्भाच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी शांत राहतात आणि मुलीचे जननेंद्रिय नेहमीसारखे घडते. अडचण वेळेची आहे. औषध सात-आठ आठवड्यांच्या आत सुरू करावे लागते, आणि तेव्हा गर्भाला आजार आहे की नाही, तो मुलीचा आहे की मुलाचा, हे नेहमीच्या तपासण्यांनी कळत नाही. आईवडील दोघेही वाहक असतील तर आजाराची शक्यता चारात एक, त्यात मुलगी असण्याची निम्मी. म्हणजे आठ गर्भांतल्या सातांना औषध विनाकारण मिळते. स्वीडनमध्ये २००७ मध्ये अशा मुलांची तपासणी झाली. ज्यांना आजार नव्हता पण औषध मिळाले होते, त्यांची शब्द लक्षात ठेवण्याची तात्पुरती स्मृती कमी भरली. पुढे मोठेपणीच्या तपासणीत बहुतेक फरक दिसले नाहीत, तरी तोवर स्वीडनने हा उपचार थांबवला होता, आणि अमेरिकेतली एंडोक्राइन सोसायटी त्याला आजही प्रायोगिकच मानते. माझ्या मते हे योग्यच झाले. औषध जननेंद्रियासाठी दिले तरी ते मेंदूपर्यंतही पोहोचते, आणि आठातल्या सात लेकरांचा मेंदू त्यासाठी पणाला लावण्याइतके कारण नाही. मुलीने गाड्यांशी खेळू नये म्हणून ते देण्याचा विचार तर सोडूनच द्यावा. या आजारात खरी घाई आहे ती जन्मानंतर. त्याच्या तीव्र प्रकारात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळाच्या शरीरातले मीठ झपाट्याने कमी होते, उलट्या सुरू होतात आणि उपचार नसेल तर बाळ दगावते. टाचेतून घेतलेल्या थेंबभर रक्तावर निदान होते. मुंबईसह पाच शहरांत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सुमारे एक लाख नवजात बाळांची अशी तपासणी केली, तेव्हा अंदाजे ५,७०० बाळांमागे एकाला हा आजार आढळला. मुलींमध्ये बाहेरून काहीतरी दिसते म्हणून डॉक्टर सावध तरी होतात. मुलग्यांमध्ये बाहेरून काहीच दिसत नाही, आणि रक्त तपासले नाही तर तेच आधी हातचे जातात.